नावाची भाऊबंदकी

एकाच घरातील दोन संगणकांनी एकच नाव धारण केल्यामुळे त्यांपैकी एकाला, आणि प्रसंगी दोघांनाही, घरच्या जाळ्याबाहेर बसावे लागते, या घटनेला संगणकशास्त्रात नामसंघर्ष असे भारदस्त नाव असले तरी जळगाव-धुळ्याकडच्या घरांत तिची नोंद ‘नेट गेलं’ या दोनच शब्दांत होते. वास्तविक अशा वेळी नेट कोठेही गेलेले नसते. वरच्या मजल्यावर क्रिकेटचा सामना अडखळत का होईना पण चालूच असतो, आणि बिघडलेले असते ते एवढेच की माडीवरच्या लॅपटॉपला खालच्या दुकानातील संगणक दिसत नाही, दिसला तरी ओळख देत नाही, आणि त्याला जोडलेला प्रिंटर तर आपण या घरचे नव्हेच असा आव आणतो. पडद्यावर इंग्रजीत एक सूचना उमटते, तिचा मथितार्थ ‘या नावाचे दुसरे कोणी जाळ्यावर आधीच आहे’ असा असतो, आणि अशा सूचना वाचण्यापूर्वीच बंद करण्याची प्रथा सर्वत्र रूढ असल्यामुळे निदानाला पहिला उशीर तेथेच होतो.

या सूचनेमागची यंत्रणा तशी जुनी आहे. १९८३ साली सायटेक या कंपनीने आयबीएमच्या लहान जाळ्यांसाठी ‘नेटबायॉस’ हा संकेत, म्हणजे यंत्रांनी एकमेकांशी बोलण्याची रीत, तयार केली, आणि १९८७ च्या मार्चमध्ये ती इंटरनेटच्या संकेतांवर कशी चालवावी याची नियमावली प्रसिद्ध झाली. या रीतीत नावांची नोंद ठेवणारा कारकून नसला तरी चालते. संगणक सुरू झाला की तो आपले नाव जाळ्यावर पुकारतो, पाव सेकंद थांबून पुन्हा पुकारतो, असे तीनदा करतो, आणि कोणाची हरकत आली नाही तर ते नाव आपले झाले असे समजून कामाला लागतो. जमिनीच्या फेरफारावर हरकत घ्यायला तलाठी पंधरा दिवसांची मुदत देतो. येथे सगळा मामला पाऊण सेकंदात आटोपतो. हरकत आलीच तर मागाहून आलेल्याने माघार घ्यायची, एवढे एकच कलम या कायद्यात आहे, आणि त्यात वय, मान, किंमत किंवा घरातील थोरपण यांपैकी कशाचाही विचार होत नाही. थोरल्या भावाने हप्त्यांवर घेतलेला नवाकोरा लॅपटॉप आणि माळ्यावरून उतरवून पोरांना खेळायला दिलेला जुना डबा यांचे नाव एकच असेल व डबा आधी सुरू झालेला असेल, तर नाव डब्याचे.

खान्देशात या कायद्याला विजेची जोड मिळते. वैशाखात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांच्या आसपास खेळत असताना वीज जाते, आणि ती परत आली की पंख्यांबरोबर घरातील सर्व संगणकही एकदम उठून त्या पाऊण सेकंदाच्या शर्यतीत उतरतात. शर्यतीचा निकाल रोज वेगळा लागत असल्यामुळे सोमवारी बिघाड माडीवर असतो, मंगळवारी ओसरीत, आणि गुरुवारी घरात कोणीतरी वास्तुशास्त्राचा विषय काढते. ज्या संगणकाला इन्व्हर्टरचा आधार आहे तो मात्र भारनियमनातही जागा राहतो, त्याचे नाव कधी सुटत नाही, आणि त्यामुळे सर्वांत जुना, सर्वांत मंद, पण बॅटरीच्या जवळ ठेवलेला संगणक वर्षानुवर्षे निर्वेधपणे पदावर राहतो, हे दृश्य स्थानिक स्वराज्य संस्थांच्या अभ्यासकांना फारसे अपरिचित वाटू नये.

दोन संगणकांना एकच नाव मुळात मिळते कसे, याचे उत्तर बहुतेकदा बसवणीच्या दिवसात सापडते. विंडोज व्हिस्टा आणि विंडोज ७ यांच्या काळात बसवणी करताना वापरणाऱ्याचे नाव विचारले जाई आणि त्यालाच ‘-पीसी’ असे शेपूट जोडून संगणकाचे नाव सुचवले जाई. संगणक जळगावच्या गोलाणी मार्केटातून सुटे भाग जुळवून घेतलेला असो की धुळ्याच्या आग्रा रोडवरून, ज्या कारागिराला संध्याकाळपर्यंत पाच-सहा बसवण्या उरकायच्या असत तो प्रत्येक गिऱ्हाइकाला ‘तुन्हं नाव काय शे?’ असे विचारत बसणे शक्यच नव्हते. तो नावाच्या रकान्यात ‘यूजर’ लिहून पुढे जाई, आणि संगणक ‘यूजर-पीसी’ होऊन घरी येई. त्याच कारागिराकडून धाकट्या भावाने दोन वर्षांनी दुसरा संगणक घेतला की घरात दुसरा ‘यूजर-पीसी’ येई. याहून जलद मार्ग म्हणजे एक तयार डिस्क दुसऱ्या डिस्कवर जशीच्या तशी उतरवून घेणे. ‘घोस्ट’सारख्या आज्ञावलींनी हे काम इतके सुलभ केले की कॉम्प्युटर क्लासमधील वीस संगणक एका दुपारी तयार होऊ लागले, आणि डिस्कवरील सर्व काही उतरत असल्यामुळे नावही उतरले. उतरवल्यावर प्रत्येकाचे नाव बदलायचे असते हे ठाऊक असलेला कारागीर आणि ते प्रत्यक्ष करणारा कारागीर यांच्यातील अंतर हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे.

विंडोज १० मध्ये यावर तोडगा निघाला तो असा, की नाव सुचवण्याचा अधिकार कारागिराकडून काढून यंत्राकडे देण्यात आला, आणि यंत्र ‘डेस्कटॉप’ किंवा ‘लॅपटॉप’ या शब्दापुढे स्वैर निवडलेली सात-आठ अक्षरे व अंक जोडून नाव तयार करू लागले. अशी दोन नावे एका घरात जुळण्याचा संभव नाहीसाच. परंतु ती कोणाच्या लक्षात राहण्याचा संभवही नाहीसाच, आणि ज्या घरात गायीलासुद्धा नाव असते तेथे सात निरर्थक अक्षरांचा संगणक फार दिवस सुखाने नांदत नाही. लवकरच पुण्याला नोकरी करणारा पुतण्या सुटीवर येतो, ‘हे काय नाव आहे?’ असे विचारतो, आणि हौसेने बारसे करतो. यंत्राने टाळलेला संघर्ष येथून माणसाच्या हातून पुन्हा सुरू होतो.

कारण नाव ठेवण्याची खान्देशी रीत यंत्राच्या रीतीच्या नेमकी उलट आहे. एका नावाला एकच धनी असावा अशी अपेक्षाच तेथे कधी नव्हती. मध्यम वस्तीच्या कोणत्याही गावात आबा, नाना, तात्या, अण्णा, बापू, अप्पा, दादा आणि भाऊ यांचे प्रत्येकी अनेक धनी असतात; वडीलधाऱ्यांचे खरे नाव घ्यायचे नाही हा शिष्टाचार, नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे ही हौस, आणि सुनेने ते नाव उच्चारायचे नाही हा संकोच, या तिहींच्या ओढाताणीत पाळण्यातल्या पोरालाही ‘आबा’ म्हणण्याची वेळ येते. अंगणातून ‘आबा’ अशी हाक आली तर तिघे ‘ओ’ देतात, आणि हाकेचा स्वर, हाक मारणारीचे नाते व जेवणाची वेळ यांवरून त्यांतला योग्य तो उठतो, बाकीचे दोघे पुन्हा वर्तमानपत्रात शिरतात. हाक मारणाऱ्याला एकदाही ‘नावाचा संघर्ष उद्भवला आहे’ असे बजावले जात नाही. यंत्राला मात्र स्वर कळत नाही, नाते कळत नाही आणि जेवणाची वेळ तर मुळीच कळत नाही, त्यामुळे पुतण्याने मोठ्या प्रेमाने खालच्या संगणकाला ‘आबा’ हे नाव दिले आणि चुलत्याने पूर्वीच माडीवरच्या संगणकाला तेच दिलेले असले, की यंत्र हात टेकते.

आडनावाचा आश्रय घ्यावा तर तेथे पाटील उभे आहेत. पाटील हे मुळात गावाच्या मुलकी प्रमुखाचे पद; ते आडनाव झाले आणि तापी-गिरणेच्या खोऱ्यात इतके पसरले की एसटीत ‘ओ पाटील’ अशी हाक घातली तर अर्धी गाडी मागे वळून पाहते. विंडोजमध्ये घरच्या संगणकांच्या गटाला ‘वर्कग्रुप’ म्हणतात व त्यालाही एक नाव लागते. घरधन्याने गटाला हौसेने ‘पाटील’ म्हटले आणि मग मुख्य संगणकालाही ‘पाटील’ म्हणू लागला तर यंत्र ते नाकारते, कारण गट आणि गटातील सदस्य यांचे नाव एक असता कामा नये असा नियम आहे. गावाचे पाटील, घराचे पाटील आणि ओसरीवर बसलेले पाटील या तिन्ही गोष्टी एकाच देहात नांदू शकतात, ही कल्पना नियम करणाऱ्याला सुचलेली दिसत नाही.

याहून घातक आहे ती अक्षरांची मर्यादा. नेटबायॉसमध्ये नावाला १६ घरे असतात, परंतु सोळावे घर हा संगणक कोणती सेवा देतो हे सांगणाऱ्या खुणेसाठी राखीव असल्यामुळे नावाच्या वाट्याला १५ च येतात. आता एखाद्या भाऊसाहेब पाटलांच्या दोन घरांचा विचार करावा, एक जळगावच्या रामानंदनगरात, दुसरे धुळ्याच्या देवपुरात, आणि दोन्हीकडचे संगणक ओळखू यावेत म्हणून त्यांनी शहाणपणाने एकाच्या नावाअखेर ‘जळगाव’ व दुसऱ्याच्या नावाअखेर ‘धुळे’ असे जोडले आहे असे धरावे. रोमन लिपीत ‘भाऊसाहेब’ लिहायला ९ अक्षरे लागतात, मधल्या आडव्या रेघेला १ आणि ‘पाटील’ला ५, म्हणजे पंधरा घरे बरोबर भरली. विंडोजची जुन्या पद्धतीची चौकट लांब नाव स्वीकारते, जुन्या संकेतासाठी ते आखूड केले जाईल अशी सूचनाही देते, ती सूचना रीतीप्रमाणे न वाचता बंद केली जाते, आणि उरते ते दोन्हीकडे एकच ‘भाऊसाहेब-पाटील’. दिवाळीला धुळ्याचा संगणक जळगावच्या घरी येऊन जोडला गेला की संघर्ष उभा राहतो, आणि तो ज्या शब्दाने मिटायचा नेमका तोच शब्द कापला गेलेला असतो. वेगळेपणाची खूण नावाच्या शेवटी न ठेवता आरंभी ठेवावी, एवढा साधा उपाय यावर आहे. परंतु भाऊसाहेबांच्या आधी धुळे लिहायचे हे भाऊसाहेबांना पटवणार कोण?

आश्चर्य असे की खुणेची ही कला खान्देशाला नवी नाही. एकाच नावाची दोन गावे शेजारी असली तर थोरल्याला बुद्रुक आणि धाकट्याला खुर्द म्हणावे, हा मुलकी दप्तराचा जुना रिवाज असून रावेर तालुक्यातील वाघोदे बुद्रुक आणि वाघोदे खुर्द तो आजही पाळतात. पिंपळगावांची तर गणतीच नाही, म्हणून पाचोऱ्याकडचे ते पिंपळगाव हरेश्वर आणि निफाडकडचे ते पिंपळगाव बसवंत. शिरपूर धुळे जिल्ह्यात आहे तसे वाशीम जिल्ह्यातही आहे, तेथे त्याला शिरपूर जैन म्हणतात. आणि खुद्द जळगावला शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील जळगाव जामोद हा समनामी असल्यामुळे ‘जळगाव’ एवढीच पाटी वाचून घाईने गाडीत बसणाऱ्याला सातपुड्याच्या दुसऱ्याच पायथ्याचे दर्शन घडू शकते. साहित्याच्या इतिहासात हीच अडचण दुहेरी येते. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांच्याआधी सुमारे अडीचशे वर्षे तुकोबांच्या शिष्या संत बहिणाबाई होऊन गेल्या, आणि बहिणाबाई चौधरींच्या मुलाचे, कवी सोपानदेव चौधरी यांचे, नाव ज्ञानेश्वरांच्या धाकट्या भावाशी जुळले. माय-लेकरांची दोन्ही नावे आधीच संतांनी घेऊन ठेवलेली असा योग क्वचितच येतो. तरीही मराठी वाचकाने एका बाजूला ‘संत’ आणि दुसऱ्या बाजूला ‘चौधरी’ लावून हा प्रश्न कधीच मिटवला, आणि एवढ्या कारणासाठी कोणत्याही ग्रंथालयाने दोघींपैकी एकीला कपाटाबाहेर ठेवल्याचे ऐकिवात नाही.

इंटरनेटनेही शेवटी हाच मार्ग पत्करला. आरंभी त्यावरील सर्व यंत्रांची नावे एकाच यादीत असत. ती यादी कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या देखरेखीखाली ठेवली जाई, आणि नवे नाव हवे असेल तर तेथे कळवावे लागे. यंत्रे वाढली, यादी आवरेना, तेव्हा १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नावांची उतरंड सुचवली: प्रत्येक नाव कोणाच्या तरी पोटात राहील, आणि पोटे वेगळी असली तर नाव एक असले तरी बिघडणार नाही. पाचोरा तालुक्याच्या पोटातले पिंपळगाव आणि निफाड तालुक्याच्या पोटातले पिंपळगाव यांचा व्यवहार याच तत्त्वावर चालतो, आणि स्वतःचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे तीन मजल्यांचे मराठी नावही त्याच घडणीचे आहे. गंमत ही की ज्या साली उतरंडीची ही कल्पना मांडली गेली त्याच साली नेटबायॉसही जन्मले, आणि त्याने मात्र सर्वांना एकाच जमिनीवर, एकाच ओळीत, तालुका-जिल्ह्याशिवाय बसवले. घराघरांत पसरले ते हेच.

नावांचा भरवसा नाही असे ज्यांना प्रथमपासून वाटत होते त्यांनी आकड्यांची कास धरली. १५ ऑगस्ट १९७२ रोजी टपाल खात्याने सुरू केलेली पिनकोडची योजना श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याची. हे गृहस्थ संस्कृतात नाटके लिहीत, आणि शब्दांवर एवढे प्रेम असलेल्या माणसाने गावांच्या नावांवर विश्वास ठेवू नये, यातच समनामी गावांनी टपाल खात्याला किती छळले असेल ते कळते. ४२५००१ म्हटले की ते जळगाव खान्देशच, आणि ४२४००१ म्हणजे धुळेच. धुळ्याला तर आकड्यांची परंपरा याहून जुनी आहे. कंपनी सरकारच्या आरंभकाळात कॅप्टन ब्रिग्जने आखलेल्या त्या सरळ रेषांच्या पेठेत गल्ल्या क्रमांकांनी ओळखल्या जातात, आणि ‘चार नंबर गल्ली’ एवढे सांगितले की रिक्षा नेमकी पोचते. जळगावकरांना मात्र नवी पेठ, बळीराम पेठ, शनि पेठ अशी नावेच लागतात. संगणकाच्या जाळ्यातही नावामागे असा एक आकडा असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात, आणि तो बहुतेक घरांत ‘१९२.१६८’ या अंकांनी सुरू होणारा असतो. नावाने हाक लागेना झाली तर आकड्याने मारावी, ती बहुधा लागते.

‘बहुधा’ म्हणण्याचे कारण असे की आकडे वाटण्याचे काम राउटर करतो, आणि जुन्या घराच्या मातीच्या जाड भिंतींमुळे वाय-फाय मागच्या खोलीपर्यंत पोचेना म्हणून कोणीतरी दुसरा राउटर आणून लावलेला असतो. दोन्ही राउटर स्वतःला १९२.१६८.१.१ समजतात आणि दोन्ही आपापल्या परीने आकडे वाटत सुटतात. धुळ्यात चार नंबरची गल्ली एकच राहिली, कारण आकडे घालणारा हात एकच होता. दुसऱ्या राउटरचे आकडे वाटण्याचे खाते बंद करावे, त्याला वेगळा पत्ता द्यावा, म्हणजे काम भागते. हे खाते डीएचसीपी या नावाने राउटरच्या पानावर असते आणि ते बंद करताना पासवर्ड विचारला जातो, जो राउटरच्या तळाशी चिकटवलेल्या कागदावर असतो, जो भिंतीकडे असतो.

येथे घरगुती जाळ्यातील निवडणुकांचा उल्लेख टाळता येणार नाही. जुन्या विंडोजमध्ये जाळ्यावर कोण कोण आहे याची यादी ठेवण्यासाठी संगणक आपसांत एक प्रमुख निवडत, आणि या प्रक्रियेला अधिकृत परिभाषेतही निवडणूकच म्हणत. उमेदवाराची प्रणाली किती नवी, तो किती वेळ अखंड चालू आहे, असे निकष लावून कौल ठरे. सर्व बाबतीत बरोबरी झाली तर वर्णक्रमात ज्याचे नाव आधी तो विजयी होई, म्हणजे अण्णांपुढे यशवंतरावांचा निभाव लागणे कठीण. कोणी नवा संगणक येऊन जुन्या प्रमुखाला आव्हान देई आणि मध्यावधी निवडणूक लागे. या यादीची शुद्धी तर फारच सावकाश होत असे: न कळवता बंद पडलेल्या संगणकाचे नाव यादीतून जायला ५१ मिनिटांपर्यंत वेळ लागू शकत असे, आणि तोवर तो हयात समजला जाई. २०१७ च्या शरद ऋतूतील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ज्या जुन्या संकेतावर हे चालत असे तो आपोआप बसवला जाईनासा झाला, आणि निवडणुकाही थंडावल्या. मयत नावे यादीत राहण्याची व्यवस्था इतरत्र अद्याप सुरळीत चालू आहे.

ॲपलच्या यंत्रांचा स्वभाव या बाबतीत निराळा आहे. २००२ मध्ये आलेल्या आणि पुढे ‘बाँजूर’ नावाने ओळखल्या गेलेल्या त्यांच्या संकेताचे नियम २०१३ च्या फेब्रुवारीत औपचारिकपणे प्रसिद्ध झाले. त्यांतही नाव घेण्यापूर्वी पाव-पाव सेकंदाने तीनदा चौकशी करायची असते, परंतु नाव अडलेले दिसले तर यंत्र भांडत नाही, आपल्या नावापुढे निमूटपणे २ हा आकडा लावून खुर्द होते. तक्रार नाही, फार तर नाव बदलल्याची एक सूचना. सौजन्याचा अतिरेक असा, की तार आणि वाय-फाय दोन्ही जोडलेले असता कधीकधी त्याला आपलाच आवाज दुसऱ्या वाटेने ऐकू येतो आणि ते स्वतःलाच मान देऊन स्वतःच दुय्यम होते. विंडोजचा संगणक अशाच दुहेरी जोडणीत स्वतःविरुद्ध हरकत नोंदवतो. दोन्ही वृत्तींची माणसे प्रत्येक भावकीत सापडतात.

निदानाची पद्धत सोपी असली तरी तिचा क्रम पाळावा लागतो. संगणकाच्या काळ्या खिडकीत ‘होस्टनेम’ ही आज्ञा दिली की तो आपले नाव सांगतो. ‘एनबीटीस्टॅट’ या आज्ञेला ‘-एन’ जोडून विचारले तर त्या नावापुढे ‘रजिस्टर्ड’ म्हणजे नोंद झाली, किंवा ‘कॉन्फ्लिक्ट’ म्हणजे वाद आहे, असा शेरा दिसतो. वाद असेल तर तो संगणक पूर्ण बंद करावा, आणि दुसऱ्या एखाद्या संगणकावरून त्याच नावाला ‘पिंग’ करावे, म्हणजे हाक मारून पाहावी. बंद केलेल्याच्या नावाने कोणीतरी ‘ओ’ दिली तर घरात समनामी आहे हे सिद्ध होते. मग ‘एनबीटीस्टॅट -ए’ आणि ते नाव अशी चौकशी केली की उत्तर देणाऱ्याचा मॅक पत्ता हाती येतो. हा कारखान्यातून मिळालेला बारा चिन्हांचा क्रमांक असतो, महावितरणच्या ग्राहक क्रमांकाइतकाच लांब. त्याच्या पहिल्या अर्ध्या भागावरून बनवणाऱ्या कंपनीचे नाव शोधता येते, आणि राउटरच्या यादीत तो क्रमांक पाहिला की आरोपी कोणत्या खोलीत बसला आहे याचा अंदाज येतो. तो नेहमी संगणकच निघेल असेही नाही. गाणी साठवायला घेतलेली जाळ्यावरची डिस्कही असे नाव घेऊन बसलेली आढळते.

या सर्व ज्ञानाची खरी परीक्षा श्रावणात होते. नागपंचमीनंतरच्या रविवारी घरात कानबाई देवी बसते, तिच्या रोटांचा प्रसाद भाऊबंदांनीच खायचा असल्यामुळे पुण्याचे, नाशिकचे आणि सुरतेचे भाऊ बायकामुलांसह मूळ घरी येतात, आणि प्रत्येकाच्या पिशवीत एक लॅपटॉप असतो. पुण्याच्या कंपनीने दिलेल्या लॅपटॉपला कंपनीनेच मालमत्तेचा क्रमांक नाव म्हणून दिलेला असतो, तो कोणाशी भांडत नाही आणि कोणाशी बोलतही नाही. सुरतेच्या कापड बाजारात हिशेब लिहिणाऱ्या भावाचा लॅपटॉप मात्र जुना असतो आणि ‘यूजर-पीसी’ असतो, आणि खाली खताच्या दुकानात ज्याच्यावर बिले निघतात तो संगणकही ‘यूजर-पीसी’च असतो. रोटांसाठी घरातील पुरुषांच्या संख्येप्रमाणे गहू मोजून घेतला जात असताना, आणि त्यात कोणी राहिले का याची तीनदा खात्री केली जात असताना, खालचे बिल निघेनासे होते.

पुतण्या निदान करतो, ते अचूक असते. तो दुकानाच्या संगणकाला एक सुटसुटीत नवे नाव देतो, संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो, सूचना नाहीशी होते, आणि घरात त्याच्या शिक्षणाचे चीज झाल्याची भावना पसरते. नाव बदलणे मुळात अवघड नसतेच. अकबराने १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून खान्देशाला दानदेश असे नाव दिले होते. बादशहाच्या हुकमाने दिलेले ते नाव आज कोणाच्या तोंडी नाही. जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये बहिणाबाई चौधरी यांचे नाव लाभले, परंतु संकेतस्थळाच्या पत्त्यात जुनी ‘एनएमयू’ ही आद्याक्षरे त्यानंतरही चालू राहिली, कारण पत्ता बदलला की त्याच्याकडे बोट दाखवणारा प्रत्येक कागद बदलावा लागतो. दुकानातही प्रिंटरकडे बोट दाखवणारे बरेच काही असते. माडीवरचा संगणक, गोदामातला संगणक आणि हिशेबाची आज्ञावली, सर्वांना प्रिंटर ठाऊक असतो तो ‘यूजर-पीसी’ या घरचा म्हणूनच, आणि ते घर आता नकाशावर नसते.

सोमवारी सकाळी, कानबाईच्या विसर्जनाची वाजंत्री दारात उभी असताना, आबा एवढेच म्हणतात की काल चालत होते. पुतण्या प्रत्येक संगणकावर जाऊन प्रिंटर नव्या नावाने जोडण्याचा प्रस्ताव मांडतो, तो ऐकून घेतला जातो, आणि दुकानाच्या संगणकाला जुने नाव परत दिले जाते. दरम्यान सुरतेच्या मंडळींना दुपारची गाडी गाठायची असल्यामुळे त्यांचा लॅपटॉप पिशवीत गेलेला असतो. बिल निघते. प्रिंटर चालू झाला त्या क्षणी आबांच्या सांगण्यावरून कोणीतरी राउटरची वायर काढून पुन्हा घातलेली असते, त्यामुळे दुरुस्तीचे श्रेय त्या वायरीला मिळते, आणि पुढच्या श्रावणापर्यंत घरात कोणतीही अडचण आली की प्रथम तीच काढली जाते.